संगणकाचा कारभारी बदलावा काय?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशीं जगांतील कोट्यवधि संगणकांना एका रात्रींत वार्धक्य आलें. आदल्या दिवशीं ते जसे चालत होते तसेच दुसऱ्या दिवशींही चालले. पडदे उजळले, अक्षरें उमटलीं, पत्रें छापून निघालीं. मग घडलें तें काय? हे संगणक विंडोज १० नांवाच्या ज्या व्यवस्थेवर चालत, तिची नेहमींची विनामूल्य डागडुजी तिच्या मालकानें, म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीनें, त्या दिवशीं थांबविली. यापुढें भिंतीला पडलेली नवी फट चोराच्या नजरेस आली, तर ती बुजवावयास गवंडी येणार नाहीं, एवढाच त्या घोषणेचा अर्थ. घरगुती ग्राहकांसाठीं आणखी एका वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, सवलत कंपनीनें ठेविली. पण सवलत ती सवलत. नवें विंडोज ११ घालावें म्हटलें, तर त्याला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची चिप लागते, आणि प्रोसेसरही साधारणपणें २०१७-१८ च्या अलीकडचाच लागतो.

ज्या घरांत त्याच्या आधीं घेतलेला, परंतु अजून कुरकुर न करणारा संगणक आहे, त्या घरांत मग चर्चेला तोंड फुटतें. गृहस्थ म्हणतात, "चालतें यंत्र भंगारांत कां घालावें?" कॉलेजांत जाणारा मुलगा म्हणतो, "बाबा, आपण लिनक्स घालूं. फुकट आहे." शेजारचे काका चहाचा घोट घेत म्हणतात, "फुकट तें पौष्टिक खरें, पण पचलें पाहिजे ना!" तिघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे, परंतु निर्णय ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट अद्याप कोणाच्याच तोंडून बाहेर पडलेली नाहीं.

ती समजण्यासाठीं ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. संगणक हा एक वाडा समजला, तर ही सिस्टिम म्हणजे त्याचा कारभारी होय. कोठाराच्या किल्ल्या त्याच्याकडे. दारावर कोण आलें हें त्यालाच ठाऊक. छापण्याचें यंत्र, कळफलक, पडदा, साठवणीची तबकडी या सर्वांशीं बोलण्याची भाषा त्यालाच अवगत. धन्याला पत्र लिहावयाचें असतें, म्हणून तो पत्र लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला हुकूम सोडतो. तो प्रोग्रॅम कारभाऱ्याकडे कागद मागतो, शाई मागतो. कारभारी चांगला असला म्हणजे त्याचें अस्तित्वही धन्याला जाणवत नाहीं. तो बदलण्याची वेळ येते तेव्हांच, वाड्याच्या किती किल्ल्या त्याच्या एकट्याच्या कमरेला आहेत, याचा उलगडा होतो.

आतां 'फुकट' या शब्दाविषयीं. इंग्रजी भाषेंत मोफत आणि मुक्त या दोन्ही अर्थांना 'फ्री' हा एकच शब्द आहे, आणि त्यापायीं या चळवळीच्या लोकांना गेलीं चाळीस वर्षें खुलासे करीत बसावें लागलें आहे. मराठीला ती अडचण नाहीं. आपल्याकडे फुकट वेगळें आणि मुक्त वेगळें. अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन नांवाचा एक तज्ज्ञ काम करीत असे. तेथील जुन्या छपाईयंत्रांत कागद अडकला कीं ज्याचें काम खोळंबलें त्याला तशी सूचना जावी, अशी सोय त्यानें स्वतः करून ठेविली होती. पुढें नवें यंत्र आलें, पण त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मसुदा मिळेना. ज्याच्यापाशीं तो होता, त्यानें न दाखविण्याचें वचन देऊन ठेविलें होतें. यंत्र समोर, बिघाड समोर, दुरुस्तीचें ज्ञान डोक्यांत, आणि तरीही हात बांधलेले! या अनुभवानें तो अस्वस्थ झाला. १९८३ सालीं त्यानें ग्नू नांवाचा संकल्प जाहीर केला: प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठीं चालविण्याची, त्याचा मसुदा अभ्यासण्याची, त्यांत बदल करण्याची आणि तो दुसऱ्यास देण्याची, अशीं चार स्वातंत्र्यें ज्यांत असतील अशी संपूर्ण व्यवस्था उभारावयाची. (हीं चार स्वातंत्र्यें तो शून्यापासून मोजतो, गणित्यांची ही खोड सुटत नाहीं.) १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपल्या हौसेसाठीं केलेला व्यवस्थेचा गाभा जगापुढें ठेविला. ग्नूची सामग्री आणि हा गाभा यांचा संयोग होऊन जें तयार झालें, त्यास लोक लिनक्स म्हणूं लागले. डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट हीं त्याचींच निरनिराळीं रूपें. ज्या अँड्रॉइड फोनवरून काका लिनक्सवर टीका करणारे निरोप धाडतात, त्याचा गाभाही लिनक्सच आहे, ही त्यांतली मौज.

तात्पर्य, माल चांगला कीं वाईट हा वाद उरलेला नाहीं. नोव्हेंबर २०१७ पासून जगांतल्या पहिल्या पांचशें महासंगणकांच्या यादींत लिनक्सखेरीज दुसरें कांहीं दिसलेलें नाहीं. परंतु महासंगणकापाशीं पगारी तज्ज्ञ बसलेले असतात. नगरपालिकेच्या कचेरींतील कारकुनाचें काय, आणि घरांतल्या आजोबांचें काय? यासाठीं जर्मनींतील म्यूनिक शहराची हकीकत पाहण्यासारखी आहे. ती पुष्कळदां सांगितली जाते, पण बहुधा अर्धीच. लिनक्सचे भक्त पूर्वार्ध सांगतात आणि विरोधक उत्तरार्ध.

म्यूनिकच्या नगरपालिकेंत सुमारें चौदा हजार संगणक होते, आणि ते विंडोज एनटी ४ वर चालत. त्या व्यवस्थेची देखभाल बंद होणार, असें कंपनीनें कळविलें. म्हणजे २०२५ सालीं घरोघर जो पेंच पडला, तोच त्या शहराला २००३ सालीं पडला होता. नगरपालिका लिनक्सकडे वळणार अशी कुणकुण लागतांच मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर आपली सुट्टी मोडून महापौर क्रिस्तियान उडे यांच्या भेटीस गेले, आणि कंपनीनें आपली किंमत उतरविली. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं शेवटच्या बोलींत मायक्रोसॉफ्टची रक्कम प्रतिपक्षापेक्षां कमी होती. तरीही मे २००३ मध्यें नगरसभेनें लिनक्सच्या बाजूनें कौल दिला. आपली कचेरी केव्हां म्हातारी व्हावी, हें दुसऱ्या कोणी ठरवूं नये, या एका विचारासाठीं शहरानें जास्त पैसे मोजण्याची तयारी दाखविली. ज्यांना 'फुकट' या शब्दाची भुरळ पडते त्यांनीं हा आरंभ विसरूं नये.

पुढचें काम मात्र संथ आणि कंटाळवाणें होतें. त्यांचा शहाणपणा असा, कीं त्यांनीं कारभाऱ्याला आधीं हात लाविला नाहीं. विंडोज तसेंच ठेवून त्यावर प्रथम ओपनऑफिस हा मुक्त लेखनप्रोग्रॅम बसविला आणि कारकुनांचा हात त्यावर बसूं दिला. खात्याखात्यांत पत्रांचे हजारों साचे सांचले होते. कोणता कोणी केला आणि अजून कशाला लागतो, हें कित्येक ठिकाणीं कोणालाच सांगतां येईना. ते निवडून, एकत्र करून, त्यांसाठीं वोलमुक्स नांवाचें साधन शहरानें स्वतः घडविलें आणि पुढें तें जगाला खुलें केलें. संगणक प्रत्यक्ष लिनक्सवर नेण्यास २००६ सालीं सुरुवात झाली. २०१३ अखेर, म्हणजे ठरावानंतर दहा वर्षांनीं, सुमारें पंधरा हजारांपैकीं बहुतेक यंत्रें नव्या व्यवस्थेखालीं आलीं होतीं. दहा दशलक्ष युरोंहून अधिक बचत झाली, असें शहरानें २०१२ सालीं सांगितलें. मायक्रोसॉफ्टच्या बाजूनें तो हिशेब खोडून काढण्यांत आला. असे हिशेब दोन्ही बाजूंनीं मांडतां येतात, म्हणून तो विषय येथेंच सोडलेला बरा.

मग उत्तरार्ध. २०१४ सालीं डीटर रायटर महापौर झाले, आणि कुरकुरी वर येऊं लागल्या. बाहेरच्या कचेऱ्यांकडून येणारे कागद वर्डच्या रूपांत येत, ते उघडतांना त्यांची मांडणी मोडे. राज्य व केंद्र सरकारचे कांहीं प्रोग्रॅम विंडोजवांचून चालत नसत. एकाचें यंत्र बिघडलें तर दाद कोणत्या विभागाकडे मागावी हें ठाऊक नसे. २०१६ सालीं तज्ज्ञांकडून मागविलेल्या अहवालांत बोट ठेविलें गेलें तें मुख्यतः या विस्कळित संघटनेवर. परंतु चिडलेल्या कारकुनाला संघटना दिसत नाहीं, पडदा दिसतो. आणि पडद्यावर लिनक्स होतें. नोव्हेंबर २०१७ मध्यें नगरसभेनें विंडोज १० कडे परत जाण्याचें ठरविलें, आणि त्यासाठीं कोट्यवधि युरो मंजूर केले. येथेंही गोष्ट थांबत नाहीं. २०२० सालीं निवडणुकीनंतर एकत्र आलेल्या पक्षांनीं, शक्य तेथें मुक्त प्रोग्रॅमांनाच प्राधान्य द्यावें, असें आपल्या करारांत लिहून ठेविलें.

एवढ्या दूरच्या हकीकतीनें ज्यांचें समाधान होणार नाहीं, त्यांच्यासाठीं केरळ जवळ आहे. तेथें २००१ च्या सुमारास 'आयटी ऍट स्कूल' नांवाचा उपक्रम सरकारी शाळांसाठीं सुरू झाला आणि कांहीं वर्षांतच तो संपूर्णपणें मुक्त प्रोग्रॅमांवर आला. २०१७ सालीं त्याचें रूपांतर 'काइट' या सरकारी कंपनींत झालें. शाळांना लागेल तशी लिनक्सची आवृत्ति ती स्वतः तयार करते. तेथें माघार घेण्याचा प्रसंग आला नाहीं. याचें कारण केरळांतील मुलें जर्मन कारकुनांहून हुशार, असें कोणास वाटल्यास वाटो! खरें कारण असें दिसतें, कीं तेथें पाठ्यपुस्तक, परीक्षा, यंत्र आणि शिक्षक हीं चारही एकाच हातांत होतीं. परकी फाईल दारांत येऊन उभी राहण्याचा प्रसंग शाळेंत क्वचित्. शिवाय त्यांनीं बाहेरचे तंत्रज्ञ आणून बसविण्यापेक्षां शिक्षकांनाच तयार केलें, आणि त्या शिक्षकांनीं इतर शिक्षकांना. यंत्र अडलें तर शेजारच्या वर्गांतून मदत मिळे.

तेव्हां प्रश्न असा विचारावा: आपलें घर केरळच्या शाळेसारखें आहे, कीं म्यूनिकच्या कचेरीसारखें? बाहेरून त्यांत काय येतें, बाहेर काय जातें, आणि अडलें म्हणजे हांक कोणाला मारावयाची?

घरांतील पुष्कळ कामें हल्लीं ब्राउझरच्या खिडकींतून होतात. बँकेचा हिशेब, रेल्वेचें आरक्षण, वर्तमानपत्र, गाणीं, परगांवीं असलेल्या नातवंडांशीं गप्पा, यांना खालीं कारभारी कोण आहे याची बहुधा पर्वा नसते. पेन्शनरांचें हयातीचें प्रमाणपत्रही फोनला चेहरा दाखवून निघूं लागलें आहे. परंतु त्याच घरांत सून जर कर-सल्लागार असेल, टॅलीवर चार दुकानांच्या वह्या ठेवीत असेल, आणि डिजिटल सहीचें टोकन लावून विवरणपत्रें भरीत असेल, तर तिच्या संगणकाला कोणीं हात लावूं नये. टॅली लिनक्सवर आपण होऊन चालत नाहीं. आडवाटेनें चालवितां येतें, पण मार्चअखेरीस आडवाटा शोधीत बसणें हा शहाणपणा नव्हे. छपाईयंत्राचीही खात्री आधींच करावी. कित्येक यंत्रें लिनक्सवर जोडतांक्षणींच चालूं लागतात, आणि कांहीं मात्र हटून बसतात.

याहून नाजुक बाब मराठी मजकुराची आहे, आणि तिच्याकडे पुरेसें लक्ष दिलें जात नाहीं. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षें, घरोघरीं व छापखान्यांत मराठी टंकलें गेलें तें त्या त्या कंपनीच्या खास फाँटांत. असा मजकूर मनुष्याच्या डोळ्यांना मराठी दिसतो. यंत्राच्या लेखीं तीं रोमन अक्षरें व चिन्हेंच असतात, केवळ त्यांच्या जागीं देवनागरीचीं चित्रें बसविलेलीं. तो फाँट ज्या यंत्रावर नाहीं, तेथें तीच फाईल उघडली तर अगम्य रोमन अक्षरांचा सडा पडतो. एखाद्या आजोबांनीं निवृत्तीनंतर पांच-सहा वर्षें खपून घराण्याचा कुलवृत्तांत टंकून ठेवलेला असतो. गांवोगांव फिरून जमविलेल्या वंशावळी, चुलत घराण्यांचीं नांवें, कोण केव्हां कोंकणांतून देशावर आला त्याच्या नोंदी. पुढें ते वारले, आणि नातवानें उत्साहाच्या भरांत जुनें विंडोज पुसून लिनक्स घातलें. फाईल जपून ठेविली, पण फाँट गेला, आणि तो फाँट चालविणारा प्रोग्रॅमही गेला. मजकूर आहे आणि वाचतां येत नाहीं! जुन्या फाँटाचें युनिकोडमध्यें रूपांतर करणारीं साधनें मिळतात, परंतु त्यांतून निघालेला मजकूर मुळाशीं ताडून पाहावा लागतो. जोडाक्षरें, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हीं हटकून आपलीं जागा सोडतात. हें ताडून पाहण्याचें काम जुना संगणक जिवंत आहे तोंवरच होण्यासारखें आहे. म्हणून कारभारी बदलण्याचा विचारही मनांत येण्यापूर्वीं असा प्रत्येक कागद युनिकोडमध्यें आणावा, आणि मूळ मजकूर जसा दिसतो तसाच पीडीएफमध्येंही उतरवून ठेवावा. विंडोजवरच राहण्याचा निश्चय ज्यांनीं केला आहे त्यांनाही यांतून सूट नाहीं. त्यांचाही संगणक एके दिवशीं बंद पडणारच आहे.

नवें लिहिण्याची अडचण मात्र उरलेली नाहीं. इनस्क्रिप्ट हा सरकारमान्य कळफलक लिनक्समध्यें आहे, उच्चाराप्रमाणें रोमन कळांनीं टंकण्याची सोय आहे, आणि पडद्यावरील सूचनाही बऱ्याच अंशीं मराठींत करून घेतां येतात. सी-डॅक या सरकारी संस्थेनें डेबियनच्या आधारें सिद्ध केलेल्या 'बॉस' या व्यवस्थेंतही मराठीचा समावेश आहे.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. लिनक्स घातलें म्हणजे संगणक चिरंजीव झाला, असें नाहीं. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ति दर दोन वर्षांनीं निघते आणि तिची विनामूल्य देखभाल पांच वर्षें होते. मग तीही म्हातारी होते. फरक इतकाच, कीं पुढची आवृत्ति मागतांना पैसे पडत नाहींत, आणि पुष्कळदां ती त्याच जुन्या यंत्रावर बसते. तसेंच, चोरांचा उपद्रव लिनक्सवर कमी असला, तरी बँकेचा अधिकारी म्हणून फोनवर बोलणाऱ्या लफंग्याला आपला गुप्त क्रमांक सांगून टाकणाऱ्या मनुष्याला कोणताही कारभारी वांचवूं शकत नाहीं.

राहतां राहिला हांक मारण्याचा प्रश्न. संगणक दुरुस्त करणाऱ्या बहुतेक दुकानदारांना विंडोजची संवय असते. लिनक्स दिसलें कीं 'पुसून विंडोज टाकून देतों साहेब' हा त्यांचा ठराविक उपाय. तेव्हां मदत घरांतूनच यावयाची, म्हणजे बहुधा त्या कॉलेजांतल्या मुलाकडून. त्याचा उत्साह खरा असतो. पण दोन वर्षांनीं तो बंगळूरास किंवा परदेशीं जातो, आणि पासवर्ड त्याच्या एकट्याच्या ध्यानांत असतो. मग एका सकाळीं छपाईयंत्र रुसतें, आणि आई पलीकडच्या मध्यरात्रीं त्याला फोन लावते. अशा घरांत विंडोजच्या मालकाऐवजीं मुलावर अवलंबून राहणें एवढाच काय तो बदल झालेला असतो. हें टाळावयाचें, तर मुलानें बसवावें आणि चालवावें दुसऱ्यानें, असा दंडक पहिल्या दिवसापासून हवा. ज्यांना तो रोज वापरावयाचा, त्यांनींच नवा प्रोग्रॅम घालावा, डागडुजीचें बटण दाबावें. मुलानें हात मागें बांधून उभें राहावें आणि जें विचारलें जाईल तेवढेंच सांगावें. पासवर्ड वहींत लिहून देव्हाऱ्याखालच्या खणांत ठेवण्यासही हरकत नाहीं. घरांतील चोरापेक्षां विस्मृतीचें भय अधिक.

घाई करण्याचें कारण नाहीं, कारण म्यूनिकच्या कारकुनांना मिळालेली पायरी घरालाही मोकळी आहे. ओपनऑफिसपासून २०१० सालीं निघालेला लिबरऑफिस आणि फायरफॉक्स ब्राउझर हे दोन्ही विंडोजवरही चालतात. तीन-चार महिने त्यांवरच सर्व लेखन व वाचन करावें. सोसायटीच्या चिटणीसांकडून आलेलें वर्डमधील पत्र उघडल्यावर त्यांतील तक्ते कितपत हलतात, आणि आपण पाठविलेलें त्यांना नीट दिसतें कीं नाहीं, हें तेवढ्यांत कळून येतें. ज्यांना एवढाही बदल मानवला नाहीं, त्यांनीं पुढें जाऊं नये आणि त्याबद्दल वाईटही वाटून घेऊं नये.

ज्यांना मानवला, त्यांच्यासाठीं लिनक्सची एक सोय फार उपयोगी आहे. उबुंटू किंवा मिंट आठ जीबीच्या साध्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतां येतें, आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करतां येतो. आंतल्या तबकडीवरील एका अक्षरालाही धक्का लागत नाहीं. चाल जरा मंद असते, कारण कारभारी पाहुणा म्हणून उंबऱ्यावर बसून काम करीत असतो. तरीही वाय-फाय सांपडतें का, आवाज येतो का, कॅमेरा व छपाईयंत्र त्याला ओळखतात का, हें सारें पाहतां येतें. असे आठ दिवस घरांतील प्रत्येकानें आपापलें नित्याचें काम त्यावर करून पाहावें, अडलेली प्रत्येक गोष्ट कागदावर मांडावी, आणि रविवारीं तो कागद घेऊन सर्वांनीं एकत्र बसावें. यादी मोठी निघाली, तर पेनड्राइव्ह काढून घेऊन संगणक पुन्हां सुरू करावा. जुना कारभारी जागच्या जागीं असतो.